तिसरी काच

तिन्ही काचा फुटल्या होत्या.

सर्वेक्षकबाई व्हरांड्यातच थबकल्या. ऐतिहासिक वास्तूंच्या यादीतल्या या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांनी चार महिन्यांपूर्वी काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यांतल्या दोन, व्हरांड्यातल्या तड्यांवर आडव्या. भिंत हलली, तर काच फुटणार. तिसरी आतल्या खोलीत, पलंगाजवळ, मुद्दाम धड भिंतीवर. नुसत्या हवेने काच तडकते का, ते कळावे म्हणून. उघड्या दारातून तीही फुटलेली दिसत होती.

फोन वाजला. साहेब होते.

"फुटल्या ना? मग 'धोकादायक' लिहा आणि मोकळ्या व्हा."

"मोजमाप तरी घेऊ दे, साहेब."

"अहो, एका इमारतीला किती दिवस? यादीत अजून साठ आहेत! पाचच्या आत अहवाल पाहिजे."

बाईंनी दातओठ खात फोन ठेवला. शिडी अजून आली नव्हती. तडे मोजायच्या मापकाची बॅटरी ऐन वेळी संपली होती. आणि एका शब्दावर दीडशे वर्षांची इमारत आठवड्यात जमीनदोस्त होणार होती.

मागोमाग वर आलेले इमारतीचे मालक मात्र खुशीत होते.

"मी तर केव्हापासून कानीकपाळी ओरडतोय, बाई, पडेल म्हणून!"

"तुमच्याकडे या मजल्याची किल्ली आहे?"

"आहे. म्हणजे काचा मी फोडल्या म्हणता? कमालच झाली!"

"मी फक्त किल्लीचं विचारलं."

"आणि भाडेकरू काही वाऱ्यावर पडत नाहीत. इमारत धोकादायक ठरली की सरकारी वसाहतीत तळमजल्याची खोली मिळते. आणखी काय हवं?"

बाई आत गेल्या.

पलंगावर वृद्ध घड्याळजी बसले होते. चाळीस वर्षे ते इथेच राहत आणि इथेच घड्याळे दुरुस्त करत. पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते. चप्पल चढत नव्हती. त्यांची धाकटी बहीण चिमी, साठीची, शेजारी उभी होती.

"काच फुटल्याचा आवाज आला?"

"मी अंघोळीला होतो," घड्याळजी म्हणाले. "नळाच्या आवाजात काय ऐकू येणार?"

"आणि तुम्ही?"

"मी बाजारात," चिमी म्हणाली. "आले तर हे असं. तुम्ही बजावलं होतं ना, म्हणून कशाला हात लावला नाही."

बाई गुडघ्यांवर बसल्या. छतातून झरणारा चुना सगळीकडे साचला होता. व्हरांड्यात त्या धुळीत काचांचे तुकडे चमकत होते. पलंगापासून न्हाणीच्या दारापर्यंतची फरशी मात्र लख्ख होती.

त्यांनी पोलादी पट्टीने दोन्ही तडे मोजले. पुन्हा मोजले. मग त्यांनी लख्ख फरशीकडे पुन्हा पाहिले. काचा कुणी फोडल्या, याचे निघालेले उत्तर त्यांना नको होते.

"मालक, तुम्हीही आत या." त्या उठल्या. "चार महिन्यांपूर्वी दोन्ही तडे तीन मिलिमीटर होते. आजही तीनच आहेत. भिंत हललेली नाही."

"मग काचा?" मालकांनी विचारले.

"फोडल्या. तिसरीखाली तर तडाच नाही. हवेने फुटली असती, तर केसासारखी एखादी चीर गेली असती. हिच्या भिंतीला चिकटून उरलेल्या भागाचाही चुरा झालाय. फोडणाऱ्याला वाटलं, काच आहे म्हणजे मागे तडा असणारच."

"मी नाही हं!"

"तुम्ही नाही. तुम्ही फोडून निघून गेला असता. बाहेर तुकडे तसेच पडलेत, कारण घड्याळजी तिथवर जात नाहीत. इथले मात्र झाडून घेतलेत. न्हाणीतून अनवाणी येणाऱ्या माणसाच्या पायाला काच लागू नये, याची काळजी फोडणाऱ्यानेच घेतली." त्या चिमीकडे वळल्या. "आणि तुम्ही म्हणता, कशाला हात लावला नाही."

चिमीने पदर तोंडाला लावला.

"अकरा महिने दादा खाली उतरला नाही," ती म्हणाली. "बत्तीस पायऱ्या. डॉक्टर वर येत नाही, हा खाली जात नाही. तळमजल्याची खोली हवी होती, दुसरं काही नाही."

"मला विचारायचंस, चिमे!"

"विचारलं! कितीदा विचारलं! दर वेळी 'बघू' म्हणून तू घड्याळात डोकं घालतोस."

सर्वेक्षकबाईंनी वही उघडली.

"मी 'धोकादायक' लिहू शकत नाही," सर्वेक्षकबाई म्हणाल्या. "'भिंत स्थिर, काचा आघाताने फुटल्या' असं लिहीन. कुणाच्या, हा रकाना फॉर्ममध्ये नाही."

"आणि जिना?" चिमी उसळली. "तो कुठल्या रकान्यात बसतो?"

बाईंनी तडे मोजले होते; हे मोजायचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

"आजारपणासाठीही तळमजल्याची खोली मिळते," त्या म्हणाल्या. "अर्ज करावा लागतो. वेळ लागेल. दहा खेटे घालावे लागतील."

"भरून ठेवलाय. महिन्यापूर्वीच," चिमी म्हणाली. तिने उशीखालून घडी घातलेला कागद काढला. "याची सही हवी होती."

घड्याळजींनी तो कागद बराच वेळ वाचला. मग सुजलेले पाय जमिनीवर टेकवून ते नीट बसले.

"पेन दे," ते म्हणाले.