भिंगरीचा दुसरा हात

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते अर्धंच. कमरेखालचं. बाकीचा माणूस शाळेच्या चॅपेलमागच्या खोलीत बेसिनखाली शिरला होता आणि आतून मजेत शीळ घालत होता.

"शीळ घालायला हा काय बसस्टॉप आहे?" मी दारातूनच विचारलं.

धाडकन डोकं आपटल्याचा आवाज आला. मग हळूहळू उरलेला माणूस बाहेर आला. केसांत सिमेंट, गालावर ग्रीस, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"डोकं फुटलं असतं ना माझं!"

"फुटलं असतं तर आत काही आहे का, ते तरी कळलं असतं. सरका."

माझ्या हातात वेदीवरच्या कापडांची टोपली होती. मी शिकले चौथीपर्यंत, तेही रडतखडत. पण त्या शाळेत वेदीची कापडं माझ्यासारखी धुणारी दुसरी कुणी नव्हती, हे मी आजही कुणालाही ऐकवीन. शाळाच तशी होती. तिथे मूल एकटं दाखल होत नसे, अख्खं घर दाखल होई. कुणाचे बाबा बाकं दुरुस्त करायचे, कुणाची आजी वेदीवर फुलं रचायची, शुक्रवारच्या मिस्साला, म्हणजे चॅपेलमधल्या उपासनेला, कुणाची मावशी मुलांना गाणं धरून द्यायची. आमच्या घरातून मी होते. आई माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्मावेळी गेली आणि बाबा जहाजावर स्वयंपाकी. बहिणीला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी उभी राहील तर शपथ! तिला मी वाढवलं. तेव्हा शाळेचं जे काही काम घराकडे येई, ते मीच अंगावर घेई.

कापडं टाकण्याआधी मी बेसिनमध्ये तांब्याभर साधं पाणी ओतलं. नव्या कामावर माझा कधीच विश्वास नसतो. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. गुलाबाच्या वाफ्यात पाणी झिरपताना दिसायला हवं होतं. वाफा कोरडा ठणठणीत! पाणी भिंतीतून गुळगुळ करत भलतीकडेच गेलं.

"पाणी कुठे सोडलंत?"

"गटारात," तो ऐटीत म्हणाला. "जुना पाईप कुणी येड्यासारखा बागेत काढून ठेवला होता. नीट जोडून दिला."

"अहो शहाणे, ही कापडं वेदीवर अंथरतात. त्यांत ख्रिस्तप्रसादाचा, त्या पवित्र भाकरीचा, एखादा कण राहिलेला असला तर? म्हणून यांचं पहिलं पाणी गटारात जात नाही, मातीत जातं. हे बेसिन त्यासाठीच आहे. तुम्ही मिस्साला जाता की नाही?"

"दर रविवारी जातो. पण मी वेदीच्या पुढच्या बाजूला बसतो ना... मागे काय असतं, ते मला कोण सांगणार?" त्याचे कान लाल झाले. त्याने नव्या टाईल्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे हे सगळं उखडावं लागणार."

"लागणारच."

"सिस्टरांना तुम्ही सांगणार?"

"तुम्ही सांगणार. तोंड आहे ना? शीळ तर छान येते त्यातून."

आणि तो खरंच गेला. शाळा सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टरांपुढे उभा राहून, कुणावर न ढकलता, चूक माझी म्हणून आला. परतला तेव्हा मी त्याचे डोळे पहिल्यांदा नीट पाहिले. धुऊन, निळीत घालून उन्हात वाळवल्यासारखे स्वच्छ! मी पटकन टोपलीत बघायला लागले.

दिवसभर दुसरीकडे राबून तो रोज संध्याकाळी येई. भिंत फोडी, माती उकरी, नवा पाईप बागेकडे नेई. मीही नेमकी तेव्हाच इस्त्री घेऊन बसे. एवढी इस्त्री कुठून येत होती, ते विचारू नका.

"ही घडी तुम्ही तिसऱ्यांदा उलगडताय," एकदा तो भिंतीतूनच म्हणाला.

"तुमचं लक्ष पाईपकडे असू द्या."

"पाईप इतकं छान भांडत नाही हो..."

मी इस्त्रीवर पाणी शिंपडलं. चर्र झालं. बरं झालं, नाहीतर माझं हसू ऐकू गेलं असतं.

त्या वर्षी भिंगरीचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता. आमच्या शाळेत त्या दिवशी मूल वेदीपर्यंत चालत जाई ते दोन्ही हात घरच्यांच्या हातात देऊन. भिंगरीचं ठरलं होतं. डावा हात ताईचा, उजवा बाबांचा. रोज रात्री प्रार्थना म्हणून झाली की ती दोन्ही हात पसरून खोलीभर चालायची, सराव म्हणून. आणि आयत्या वेळी बाबांचा फोन आला. जहाज परक्या बंदरात अडकलं होतं. सोहळ्याच्या रविवारी ते पोचत नव्हते.

पालक मंडळाच्या बाईंना कळायला वेळ लागला नाही. सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बिचारी पोर! मी धरते हो तिचा दुसरा हात. माझ्या लेकाला जागेवर बसवलं की लगेच येते."

"बाई, माझी बहीण बिचारी नाही," मी म्हटलं. "तिला उसना हात नको."

मान ताठ ठेवून मी बाहेर आले. पण घरी भिंगरीने विचारलं, "ताई, मग माझा एक हात रिकामाच?" आणि मी तिच्या फ्रॉकचा शिवलेला काठ उसवून पुन्हा शिवायला बसले.

दुसऱ्या संध्याकाळी गुलाबाच्या वाफ्याशी उभी होते. डोळे लाल होते. तो पाईपवर माती लोटत होता.

"साबण गेला डोळ्यांत," मी आधीच सांगून टाकलं.

"हो, दिसतंय." त्याने आणखी दोन फावडी माती लोटली. "सिस्टरांकडून कळलं मला. रविवारी माझे... दोन्ही हात रिकामे असतात."

"कोण म्हणून येणार? घरचं माणूस लागतं. वेदीसमोर खोटं नातं सांगून उभं राहता येत नाही."

"खोटं कुठे म्हणतोय मी?" त्याने फावडं खाली ठेवलं. "आईला घेऊन तुमच्या घरी येतो. तुम्ही हो म्हणत असाल तर..."

ओल्या मातीचा वास एकदम नाकात शिरला. पण जीभ माझीच ना!

"दया करताय माझ्यावर?"

"दया? तुमच्यावर?" तो हसायलाच लागला. "अहो, मी तुम्हाला घाबरतो! दाराशी तुमची चप्पल वाजली की हातातला पाना सुटतो. आणि ज्या दिवशी वाजत नाही ना... त्या दिवशी कामच सुचत नाही."

मी पदराचं टोक पिळत बसले. कोरडंच होतं ते.

"बाबा आल्याशिवाय मी कुणाला शब्द देणार नाही," शेवटी म्हटलं.

"थांबेन."

"आणि रविवारी?"

"रविवारी मी मागच्या बाकावर असेन. बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तर... तिथूनच बघेन."

रविवार उजाडला. भिंगरीचा पांढरा फ्रॉक मी स्वतः शिवला होता, खळ घालून असा कडक केला होता की नुसता उभा राहिला असता. चॅपेलच्या दाराशी मुलांची रांग लागली. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना कुणी ना कुणी. आई-बाबा, आजी-आजोबा, काका-मावशी. मंडळाच्या बाई मान वळवून आमच्याकडेच बघत होत्या.

माझी मान ताठच होती. पण मग मी खाली पाहिलं. भिंगरी एका जागी उभी होती. हलत नव्हती, डुलत नव्हती. रिकाम्या हाताची मूठ तिने घट्ट फ्रॉकला दाबून धरली होती. जन्मात मी तिला अशी पाहिली नव्हती.

आत गाणं सुरू झालं. ताठ मान माझी, पण ती मूठ तिची. आणि मी कशासाठी थांबले होते? बाबांनी हो म्हणावं म्हणून? माझं उत्तर तर मला रोज संध्याकाळी इस्त्री घेऊन बसताना ठाऊक होतं! त्याचा हात उसना नव्हताच. फक्त मी तो मागायचा होता. मागायची सवय मला नाही, एवढीच अडचण.

मी भिंगरीला घेऊन रांगेतून बाहेर पडले, मागच्या बाकापाशी गेले. तो आईशेजारी बसला होता.

"चला," मी म्हटलं. गाणं नेमकं त्याच क्षणी थांबलं, आणि माझा आवाज मुळातच बारीक नाही. "हिचा हात धरायचाय. घरचे म्हणून."

त्याच्या आईने कोपर मारलं. "ऊठ रे! ही पोरगी पुन्हा विचारायची नाही."

तो उठला. नखं घासून घासून लाल केली होती बिचाऱ्याने, तरी कडेला ग्रीसची काळी रेघ राहिलीच होती. तो मूठ मिटून लपवायला लागला. भिंगरीने ती मूठ एकेक बोट करून उघडली आणि आपला हात आत घातला.

मग आम्ही तिघं चाललो. कितीदा त्या वेदीपर्यंत गेले असेन मी, कापडं अंथरायला, मेणाचे डाग काढायला. पण त्या दिवशीसारखी कधी चालले नाही. भिंगरी ख्रिस्तप्रसाद घेऊन वळली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून पुसला.

बाहेर पटांगणात मंडळाच्या बाईंनी गाठलंच. "हे कोण गं?"

"माझं ठरलंय."

"अगंबाई, कधी?"

"आत्ता. तुमच्यासमोरच की!"

तेवढ्यात बाबांचा शाळेच्या ऑफिसात फोन आला. सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "हात कसा आहे त्याचा?"

"खरखरीत."

"मग माझी ना नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज भिजल्यासारखा झाला.

बाहेर आले तर तो व्हरांड्यात एकटाच उभा. भिंगरी पटांगणात गरगर फिरत होती, फ्रॉकची खळ पार मोडली होती.

"ऐका ना..." तो हळूच म्हणाला. "तुम्ही तिच्यासाठी घाईत बोलल्या असाल तर... मी समजून घेईन. विसरून जाईन हवं तर."

मी त्याच्याकडे पाहिलं. चांगलं डोळ्यांत डोळे घालून, कुठल्याही टोपलीत न बघता.

"विसरून तर दाखवा," मी म्हटलं.