बारा सेकंदांच्या अलीकडे

दुपारी सव्वादोनला ताईनं कोटाचं अस्तर मशीनवर घेतलं, कॅमेरा चालू केला आणि मागच्या पडद्याआड एकदा डोकावून पाहिलं. तिथं तिची चार वर्षांची लेक झोपली होती. घरात तिला भिंगरी म्हणत. जागी असली की भिंगरी, झोपली की दगड. तिच्या झोपेच्या त्या दीड तासावर ताईचा सगळा धंदा चालायचा.

धंदा काय, तर ताई कपडे शिवायची आणि लोक ते लाइव्ह बघत बसायचे. तुम्ही हसाल. ताईही हसली होती. "दुसऱ्याची शिलाई बघायला कोण रिकामटेकडं बसलंय?" असं तिनं धाकट्या भावाला विचारलं, तेव्हा त्यानं शिकवणी घ्यावी तसं सगळं समजावलं. बघायला फुकट. पण चॅनल आवडलं तर दर महिन्याला थोडे पैसे भरायचे, की झाला मेंबर. काही वाटा कंपनीचा, बाकी आपला. मेंबरच्या नावापुढे बिल्ला लागतो, आणि जितके महिने तो टिकेल तितका बिल्ला भारी होत जातो. शिवाय कोणीही कोणालाही मेंबरशिप भेट देऊ शकतो.

"ओळख ना पाळख, आणि भेट?"

"जगात उदार माणसं असतात, ताई. मला बघ."

"तुला बघूनच विचारलं."

सुरुवातीला नको नको ते लिहिणारे टपकले, म्हणून भावानं चॅट फक्त मेंबरांसाठी ठेवली. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मग सगळं शांत झालं. तीसेक मेंबर, सगळे सभ्य. त्यांत एक निवृत्त नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. ती रोज आधी विचारायची, "जेवलीस का गं?" आणि महिन्यापूर्वी एक नवा आला होता. नाव 'मुक्कामी'. त्याची मेंबरशिप कोणीतरी भेट दिलेली होती, पण देणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

मुक्कामी फारसा बोलत नसे. ताईच्या बोटात सुई घुसली की लिहायचा, "जपून."

यात वावगं काय, म्हणाल. तर ऐका. लाइव्ह म्हणजे अगदी त्या क्षणी नव्हे. इथं घडलेलं बघणाऱ्यापर्यंत पोचायला बारा सेकंद लागत. ताईला सुई टोचायची आणि बारा सेकंदांनी बाकीचे "आई गं" लिहायचे. मुक्कामीचं "जपून" मात्र टोचताक्षणीच यायचं. आधी तिला ते बरंच वाटलं. काळजी करणारं माणूस कोणाला नको असतं? मग त्या दुपारी, कोटाचं अस्तर शिवताना, "जपून" आलं, तिनं ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर सुई टोचली.

ताई मशीन थांबवून बसून राहिली. खोलीत तेलाचा आणि गरम इस्त्रीचा वास होता. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. चॅटमध्ये नवी ओळ आली.

"बाळ उठलं."

लेक कधी कॅमेऱ्यात आली नव्हती. तिचा विषयसुद्धा तिथं काढायचा नाही, हा ताईचा पक्का नियम होता. पडद्याआड सगळं शांत होतं... आणि थोड्या वेळानं आतून हाक आली, "आई..."

आता संशय घ्यायचा तर कोणावर? चॅनलच्या किल्ल्या एकाच माणसाकडे होत्या. त्या संध्याकाळी भाऊ आला तसा तिनं त्याला दारातच धरला.

"तो मुक्कामी तूच ना? घरचाच भेदी!"

"मी? ताई, अगं मला तुझ्या शिलाईतलं ओ की ठो कळत नाही."

"मग उद्या समोर बस. तुझा फोन माझ्या हातात."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ समोर स्टुलावर बसला, कॅमेऱ्याच्या मागे. फोन ताईच्या मांडीवर. पाच मिनिटं काही झालं नाही. मग ओळ आली, "त्याला का बसवलंय?"

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. ताईला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, की चोर आपला भाऊ नाही. आणि मग तिला जास्तच भीती वाटली.

"काढ त्याला," ती कुजबुजली. भावानं फोन परत घेतला आणि मुक्कामीला चॅनलवरून कायमचं काढून टाकलं.

"आणि त्याची ती मेंबरशिप?"

"भेट आहे ना, वाया जात नाही. मुदत उरली असेल तर बघणाऱ्यांतल्या दुसऱ्या कोणाला तरी जाते. कोणाला, ते यंत्र ठरवतं." त्यानं स्क्रीन पाहिली. "सिस्टरला गेली बघ. त्यांचा महिना कालच संपला होता."

ताईनं सुस्कारा सोडला. चांगल्या बाईच्या पदरात पडली, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सिस्टरनं जेवणाचं विचारलं नाही. लिहिलं, "बाळानं पांघरूण काढलं."

ताई धावत आत गेली. पांघरूण गळ्यापर्यंत होतं. ती बघत उभी असतानाच भिंगरीनं झोपेत पाय झाडले आणि ते खाली पडलं. ताईनं परत येऊन टाइप केलं, "सिस्टर, तुम्हीच ना?"

"मुदत आहे अजून," उत्तर आलं.

तिनं भावाला बोलावलं. तो जवळच होता, पळत आला. "सिस्टरला काढ. चॅनलच बंद कर. नको मला हे मेंबर, नको ते पैसे!"

"करतो, करतो." त्यानं स्वतःच्या फोनवर सिस्टरला काढलं. फोन टिंग वाजला. त्यानं वाचलं आणि हसला. "घ्या! आता मलाच मिळाली भेट. उदार माणसांना..."

तो बोलता बोलता थांबला. मान हळूच पडद्याकडे वळली.

"बाळ उठलं," तो म्हणाला.

आवाज त्याचाच होता. पण भाचीला त्यानं उभ्या जन्मात बाळ म्हटलं नव्हतं.

"फोन ठेव खाली," ताई म्हणाली. "ठेव... आणि बाहेर जा."

पडदा हलला. भिंगरी डोळे चोळत बाहेर आली. भाऊ पुढे झाला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि फोन पुढे धरला.

"घे. मामाकडून भेट."

"घेऊ नकोस!" ताई किंचाळली, स्टूल उलथून धावली. तोवर पोरीनं दोन्ही हातांनी फोन घेतला होता. ताईनं तो हिसकावला, चॅनल बंद करायची कळ दाबली, पुन्हा दाबली. स्क्रीनवर अक्षरं आली, की हे चॅनल आता नाही.

भाऊ जमिनीवर बसून इकडेतिकडे बघत होता. "ताई... मी खाली कधी बसलो गं?"

तो पुन्हा तिचा भाऊ होता. त्याच्या डोळ्यांत तीच बावळट भीती होती, लहानपणी कुत्रं मागे लागलं की यायची तशी. ताईला हायसं वाटलं. गेलं एकदाचं, असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि लेकीला उचलून छातीशी धरलं.

भिंगरी नेहमी हातातून निसटायची. आज ती स्वस्थ राहिली. तिनं आपला छोटा तळवा आईच्या गालावर ठेवला आणि तो हळूच पुसला.

"आई, रडू नकोस."

ताईचा गाल कोरडा होता. ती अजून रडत नव्हती.