ओंडक्यावरची अकरा पोरं

कातळबंदरचा जुना किनारा पाण्याखाली गेला त्याला एकवीस वर्षं झाली होती. भरतीची रेघ दरसाल वर सरकत मासळी बाजाराच्या पायऱ्यांना टेकली, आणि ज्या वाळूवर चार पिढ्यांनी बोंबील वाळवले ती वाळू फक्त जुन्या फोटोंत उरली. बुडालेल्या गावांची नोंद ठेवायची म्हणून सरकारनं फोटो गोळा करायला माणसं धाडली. पण फोटोत काय दिसतं, याच्याशी त्या माणसांना फारसं देणंघेणं नव्हतं. फोटोत जे दिसत नाही, ते त्यांना हवं होतं.

शाळेतल्या मोठ्या खोलीत त्यांनी यंत्र मांडलं आणि चारही भिंतींना पांढरे पडदे लावले. गावकरी घरातले फोटो घेऊन आत जात, आणि बाहेर येत ते देवळातून आल्यासारखे, हळू पावलांनी. कुणी आज्याचं कौलारू घर पाहून आलेलं असे, कुणी बुजलेली विहीर.

चांगुणा चोगले त्या दिवशी गेली ती सगळ्यांच्या शेवटी. वय बहात्तर, पाठीला किंचित बाक, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. बिस्किटांच्या डब्यात तिनं एक फोटो आणि त्याची काळी फिल्म आणली होती. आई वारल्यावर पेटीतल्या लुगड्याच्या घडीत तिला ती सापडली होती.

यंत्रावर डॉक्टर अनघा ठवरे होती. बाई चंद्रपूरकडची, बोंबलाच्या वासानं अजून नाकाला पदर लावणारी. पण कामाला पक्की.

फोटोत अकरा पोरं एका जाड ओंडक्यावर ओळीनं बसली होती. मागं समुद्र, बाजूला मासळीच्या पाट्या. मधली, पुढचे दोन दात पडलेली हसरी पोर म्हणजे चांगुणा.

"छान आहे फोटो," अनघा म्हणाली. "काय बघायचंय यात, चांगुआय?"

"हा दिवस बघायचा हाय. दुपारी फोटो काढला आनि तिनीसांजेला माजा बापूस बुडाला."

मग तिनं सगळं सांगितलं. बाप धर्मा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, सुकाणू त्याच्या हातात. वादळ यायच्या आधी परतताना त्याची होडी खाडीच्या तोंडाशी काळ्या दांडीच्या खडकावर फुटली. चार खलाशी त्याच्यासोबत गेले. फळकुटांत एक बाटली सापडली, आणि गावानं ठरवलं, तांडेल प्यालेला होता.

"देवाला दाखवायची बाटली व्हती ती. माजा बापूस थेंब घेयाचा नाय."

नारळी पुनवेला कातळबंदरात दर्यात गेलेल्या प्रत्येकाचं नाव पुकारतात आणि त्याच्या नावानं नारळ सोडतात. चार खलाशांचे चार नारळ दरसाल निघत. धर्माचं नाव पासष्ट वर्षांत एकदाही पुकारलं गेलं नव्हतं. पुनव आता तीन दिवसांवर आली होती.

"मी हाय तवर व्हायला पायजे," चांगुणा म्हणाली. "माज्यामागं त्याचं नाव घेनारं कोन नाय."

अनघानं फिल्म यंत्रात सरकवली. "हे काय करतं, सांगू का? उन्हात लाल लुगडं वाळत घातलं, तर शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर लालसर छटा येते ना?"

"येते की."

"म्हणजे भिंतीला लुगडं दिसतं. तसंच, फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागं जे असतं, त्याचा उजेड समोरच्या माणसांवर पडतो. गालांवर, ओल्या वाळूवर, मासळीच्या खवल्यांवर. आपल्याला तो कळत नाही, इतका फिका असतो. पण फिल्मवर उतरलेला असतो. आम्ही त्याला पाठउजेड म्हणतो. तो वेचून जोडला की फोटोच्या पाठीमागचं जग उभं राहतं."

"आनि सगळ्यांत चांगला उजेड कशावर?"

"डोळ्यांवर," अनघा म्हणाली. "ओला डोळा म्हणजे आरसाच. इथं अकरा पोरांचे बावीस आरसे आहेत. त्यातले दोन तुमचे."

खोलीत अंधार केला. समोरच्या पडद्यावर ओंडका आणि पोरं खऱ्याएवढी मोठी झाली. मग चांगुणाच्या पाठीमागच्या पडद्यावर धुक्यातून होडी यावी तसं काहीतरी येऊ लागलं. ती वळली.

आधी वाळू आली. मग बोंबलांच्या वलांडी, बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या, त्यांवर हजारो बोंबील. उलटी घातलेली होडी. कमरेवर हात ठेवून उभी बारकी म्हातारी, ती आपली आजी, हे तिनं उभं राहण्याच्या ढबीवरूनच ओळखलं. अंग खाजवणारा कुत्रा. जे पाण्याखाली गेलं होतं, जी माणसं राख होऊन गेली होती, ती सगळी तिथं होती. आणि ही सगळी तिच्या सात वर्षांच्या डोळ्यांत मावली होती. चांगुणानं नकळत हात जोडले.

"हे मी बघितलेलं?"

"तुमच्या डोळ्यांतूनच आलंय."

सगळ्यांत शेवटी देऊळ आणि त्यामागचा डोंगर आला. चांगुणा पडद्याजवळ गेली.

त्या काळी डोंगरावर दोन ताड होते, थोरला आणि धाकटा. थोरला ताड देवळाच्या कळसावर आला की तांडेल सुकाणू सरळ धरी, आणि होडी खाडीत शिरे. धाकट्याच्या रोखानं गेलं तर काळी दांडी. त्या रात्रीच्या वादळात दोन्ही ताड पडले, असं गाव सांगे. म्हणजे तिन्हीसांजेला दोन्ही उभे होते. शुद्धीतला तांडेल चुकेलच कसा?

"बाय, ताड एकच दिसतो."

अनघानं यंत्र पुन्हा फिरवलं. "अकरा जणांच्या डोळ्यांत एकच आहे. देवळापासून लांबचा."

"म्हंजे धाकटा. मग थोरला कुठं हाय?"

विचारता विचारताच ती वळली आणि समोरच्या पडद्याकडं बघत राहिली. पोरं ज्याच्यावर बसली होती तो ओंडका. काळा, खरबरीत, ताडाचा.

तो खाडीवरच्या साकवासाठी, लाकडी पुलासाठी होता. आदल्या पावसाळ्यात शाळेत जाणारी दोन पोरं खाडी ओलांडताना वाहून गेली होती. साकवाचा ओंडका पलीकडच्या गावातून आणला, असं तिला सांगितलं होतं. त्याच साकवावरून ती चार वर्षं शाळेत गेली. चार इयत्ता शिकली, त्या बापाच्या खुणेवर पाय देऊन.

त्या अंधारलेल्या संध्याकाळी धर्माला एकच ताड दिसला असणार. दुसरा धुरकट हवेत दडला असेल, असं त्याला वाटलं असणार. दिसला तो थोरला समजून त्यानं सुकाणू सरळ धरलं. चूक करायला दारू लागलीच नव्हती.

"इथं दोन माणसं अजून स्पष्ट होतायत," अनघा हळूच म्हणाली.

एक पुरुष, खांद्यावर कुऱ्हाड. शेजारी एक बाई, हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला पांढरं लुगडं बांधलेलं. बाईचा एक हात डोंगराकडं होता.

चांगुणानं पडद्याला बोट लावलं. "हसुराममामा. आनि माजी आवस."

बांबू कशाला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. खूण मोडली तर तिथं निशाण रोवायचं, ही कोळ्यांची रीत. आई तेच म्हणत असणार. आणि मामा म्हणाला असणार, धर्मा अजून दोन दिवस येत नाही, सकाळी रोवू. वादळानं होडी त्याच संध्याकाळी परत हाकलली.

याच मामानं तिला वाढवलं. पापलेटाची मधली तुकडी तो कायम तिच्या ताटात टाकी. मासळी बाजाराला आज त्याचं नाव होतं. आणि दरसाल पुनवेला, गर्दी पांगल्यावर, तो एकटाच मागं जाऊन एक नारळ गुपचूप पाण्यात सोडी. कुणाचा, असं तिनं लहानपणी विचारलं होतं. "दर्याचा," तो म्हणाला होता.

"चांगुआय," अनघा म्हणाली, "उद्या हे सगळं संग्रहात जाईल. कुणीही बघू शकेल. तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता पुसते."

चांगुणानं पडद्यावरच्या पोरांवरून ओंडक्याच्या टोकापर्यंत नजर नेली. मग म्हणाली, "पाटलाला बोलावू या."

मोतीराम पाटील गावचा अध्यक्ष, दरसाल नावं पुकारणारा. फोटोत ओंडक्याच्या टोकाला बसलेला अकरा वर्षांचा पोरगा तोच. दुसऱ्या दिवशी तो आला तो चेष्टा करतच. "काय गो चांगुणे, बापाला यंत्रानं वर काढलास काय?"

पडदे उजळले आणि त्याचं हसू गेलं. डोंगर येईपर्यंत तो थांबलाच नाही; त्याआधीच त्यानं मान खाली घातली.

"तुला ठावं व्हतं," चांगुणा म्हणाली.

"दुसरा ताड रातीच पाडला सगळ्यांनी. वादळावर घालायला." म्हातारा जमिनीकडं बघतच बोलत होता. "पोरांना सांगितला, कुठं बोलायचं नाय. तुज्यासमोर तर नायच नाय."

"कितीजनांना?"

त्यानं पडद्यावरच्या ओळीकडं पाहिलं. "दहांना."

चांगुणानं एकेक चेहरा पाहिला. यांच्याशी ती लगोऱ्या खेळली होती, यांच्या लग्नांत नाचली होती. यातलेच तिला 'बेवड्याची पोर' म्हणून चिडवत, आणि चिडवताना त्यांना खरं माहीत होतं.

"परवा नाव पुकार," ती म्हणाली. "आनि का पुकारतोस तेबी सांग. मामाचं नाव झाकू नको. त्यानं पोरांसाठी ताड तोडला, तेबी झाकू नको."

नारळी पुनवेला धक्क्यावर सगळं गाव जमलं. मोतीरामनं सगळं सांगितलं आणि शेवटी पुकारलं, "धर्मा चांगो तांडेल!" चांगुणानं नारळ पाण्यात सोडला. तो एकदा बुडाला, वर आला आणि ओहोटीबरोबर निघाला. कुणी वाजंत्री वाजवली नाही.

पाटील यंत्रासमोर बसून गेला तेव्हापासून दोनच दिवसांत गाव बदललं होतं. अनघाला कुणी फोटो आणून देत नव्हतं. घराघरांच्या भिंतींवर फिकट चौकोन तेवढे उरले होते. प्रत्येक फोटोला पाठ असते, आणि आपल्या फोटोच्या पाठीमागं कोण उभं असेल, हे आता कुणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं.

"चांगुआय, एक फोटो काढू?" अनघानं कॅमेरा उचलला. "बापाच्या नारळाचा."

चांगुणा समुद्राकडं पाठ करून उभी राहिली. या वेळी तिनं कॅमेऱ्याकडं पाहिलं नाही. अनघाच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं.

धक्क्यावर उभं असलेलं अख्खं गाव, म्हातारी, तरणी, कडेवरची पोरंसुद्धा, एकेक करून पाठ फिरवत होतं. तिच्या डोळ्यांत आपला चेहरा उतरू नये म्हणून.

चांगुणानं पापणी हलू दिली नाही. "काढ, बाय," ती म्हणाली.