मावळतीला बसणारी शिकारीण

ही गोष्ट घडलेली आहे.

ज्यांच्या घरी घडली, ते रायगोंडा पाटील माझे चाळीस वर्षांचे स्नेही. त्यांनी ती मला एकदाच सांगितली, तीही खाली बघून. सांगण्यात माझ्याकडून काही पुढंमागं झालं असेल. पण घडलं ते घडलं.

गाव निपाणी. अक्कोळ रस्त्याकडेचं घर. गेल्या कार्तिकातला गुरुवार.

रात्र नव्हती. सूर्य मावळायला दोन मिनिटं बाकी होती…

पण त्याआधीचं सांगायला हवं.

रायगोंडांची एकुलती मुलगी श्रद्धा आषाढात गेली. चार दिवसांचा ताप, बास. वय सव्वीस. ती घरी बसूनच कंपनीचं काम करायची आणि काम संपलं की आपल्या खोलीत टीव्हीवर गेम खेळायची. डोंगराएवढी जनावरं आणि त्यांच्यामागं एकटी फिरणारी, लांब वेणीची एक शिकारीण.

रायगोंडा कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. भिडस्त माणूस. मुलीच्या खोलीवरून जाताना ते मान वळवायचे. एकदाच दारात थांबून म्हणाले होते, की जैनाच्या घरात ही मारामारी बरी दिसत नाही.

श्रद्धा हसली होती. "आप्पा, मी एकबी मारत न्हाय. दमवते आन् पकडते. या की, बसा हितं, दावते."

"नंतर बघू," ते म्हणाले होते.

ते नंतर कधी आलंच नाही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तापाच्या गुंगीत ती म्हणाली, "आप्पा, शेवटचा एक राहिलाय बघा." कशाबद्दल बोलते आहे ते त्यांना कळलं. मुलीनं आयुष्यात मागं ठेवलेलं तेवढं एकच काम त्यांना ठाऊक होतं.

दसरा झाल्यावर त्यांनी खोली उघडली.

बायको पद्मावती म्हणाली, ते गेमचं मशीन वृषभला देऊन टाका, मला बघवत नाही. रायगोंडा म्हणाले, देतो. एक काम राहिलंय, तेवढं होऊ दे.

वृषभ हा त्यांचा पुतण्या. तिशीचा, मेडिकलचं दुकान चालवणारा. दुपारी दुकान बंद ठेवून तो काकांना शिकवायला यायचा. त्यानं आधी हत्यारं समजावली. जोड-सुऱ्या चपळ, पण दम लवकर जातो. धनुष्य लांबून, पण नेम हवा. ढाल-भाला सुरक्षित, पण चाल मुंगीची. मोठी तलवार सगळ्यांत संथ… एक घाव घालायचा आणि लोळण घेऊन बाजूला व्हायचं. नवख्याला तीच बरी.

श्रद्धाच्या शिकारिणीच्या खांद्यावर मात्र एक भलंमोठं शिंग होतं. फुंकलं की तीन खालचे सूर निघत आणि जखमी सोबत्याला बळ येई.

"हे आपल्याला जमायचं न्हाय," म्हणत वृषभनं ते शिंग पेटीत टाकलं आणि तलवार दिली. मग पिशवी उघडली. पिशवीभर नुसते सापळे.

"श्रद्धा काय उंदरं धरत हुती व्हय?" तो हसला. सापळे काढून त्यानं औषधं भरली.



गेम सर्वांत कठीण पायरीवर लावलेला होता. पायरी खाली आणू का, असं वृषभनं दोनदा विचारलं. रायगोंडा नको म्हणाले. तिनं लावली तीच राहू दे. त्यांची बोटं भलत्याच बटणावर पडायची. जनावर शेपूट हाणायचं आणि शिकारीण धुळीत पडायची. तीनदा पडलं की शिकार संपली. त्यांनी वहीच केली. कोणतं बटण, किती वेळ, जनावरानं मान वर केली तर काय…

"काका, वही वाचून पोहाय येतंय व्हय?" वृषभ म्हणायचा.

पण हळूहळू यायला लागलं. घाव, लोळण. घाव, लोळण.

आणि मग एका संध्याकाळी…

शिकार ऐन रंगात असताना शिकारिणीनं तलवार पाठीला लावली. वळली. तंबूकडे चालत गेली आणि खाली बसली.

रायगोंडांनी बटणं दाबली. ती उठली नाही.

त्यांना वाटलं, आपलाच अंगठा कुठंतरी लागला असणार.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

वृषभ म्हणाला, गेममध्ये असलं काही नसतंच. मशीन तापत असेल.

चौथ्या दिवशी रायगोंडांनी वेळ वहीत लिहिली. सहा वाजून अकरा मिनिटं. पाचव्या दिवशी सहा-दहा. दोन दिवसांनी सहा-नऊ.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. भिंतीवर जैन पंचांग टांगलेलं होतं. त्यात रोजचा सूर्यास्त दिलेला असतो.

मिनिटाचाही फरक नव्हता…

श्रद्धानं लहानपणापासून सूर्य मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मावळतीच्या आधी जेवायची आणि मावळताना हातातलं सगळं टाकून पाच मिनिटं डोळे मिटून बसायची.

रायगोंडांनी हे पद्मावतीला सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते रोज दुपारी त्या खोलीत बसू लागले. भीती वाटायची. पण त्याहून जास्त बरं वाटायचं.

मग शिंग ऐकू आलं.

शिकारीण मरायला टेकली होती. एक फटका बसला की संपलं असतं. तेवढ्यात कुठूनतरी तीन खालचे सूर आले… आणि तिचं बळ भरून आलं.

पडद्यावर दुसरं कुणी नव्हतं. शिंग पेटीत होतं. इंटरनेट तर आषाढातच बंद केलेलं.

"श्रद्धा?" त्यांनी हळूच विचारलं.

 त्यानंतर प्रत्येक शिकारीत शिंग वाजलं, जनावर मात्र अजून एकही पडलं नव्हतं. तिनं बोलावलं तेव्हा ते गेले नव्हते. आता रोज जात होते.

तो कार्तिकातला गुरुवार उजाडला.

पद्मावती जैन बस्तीत दर्शनाला गेली होती. वृषभ दुकानात. समोर शेवटचं जनावर. तासभर झुंजल्यावर ते लंगडायला लागलं. तीन पाय टेकवत, चौथा फरफटत आपल्या गुहेत गेलं आणि निजलं.

वृषभनं सांगून ठेवलं होतं, निजलं की डोक्याशी उभं राहायचं. तलवार पूर्ण ताणायची. एकच घाव.

घड्याळात सहाला तीन मिनिटं कमी होती. सूर्यास्त सहाला एक मिनिट कमी असताना. दोन मिनिटांत ती बसणार, जनावर उठणार, आणि तिचं काम पुन्हा राहणार.

त्यांनी बटण दाबून धरलं, तलवार ताणली.

शिंग वाजलं.

पुन्हा वाजलं. मग थांबेचना. तेच तीन सूर, एकावर एक, घाईघाईनं… कुणीतरी धापा टाकत फुंकावं तसे.

पडद्याच्या कोपऱ्यात, पिशवीच्या जागी, एक सापळा दिसत होता. त्यांनी तो ठेवला नव्हता.

रायगोंडांना दिसला तो.  दिसला, पण त्यांना सापळा लावायला येत नव्हता. ते तलवारच शिकले होते. आणि शिंगाचं त्यांना वाटलं, पोर आपल्याला बळ देते आहे.

त्यांनी बटण सोडलं.

घाव बसला. जनावर एकदाच ओरडलं.

शिंग मधल्या सुरावर तुटलं.

मग काहीच आवाज नाही. गेमचाही नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचाही नाही.

पडद्यावर हिशेबाचं पान आपोआप उघडलं. ते पान त्यांनी आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

पकडले: २११.

मारले: १.

सूर्य मावळला. शिकारीण तंबूकडे गेली नाही, बसली नाही. इतके दिवस त्यांना तिची फक्त पाठ आणि वेणी दिसायची…

ती वळली.

चेहरा कसा होता, ते त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, की तिनं आपल्याकडे फार वेळ बघितलं. मग पडदा काळा झाला.

मशीन वृषभनं नेलं. त्याच्याकडे ते व्यवस्थित चालतं. शिकारीण मावळतीला बसत नाही, आणि शिंग पेटीतून काढून फुंकलं तरी साधं गेमसारखं वाजतं. रायगोंडा आठवडाभर पुतण्याकडे जाऊन तेच तीन सूर फुंकत होते. हात जोडून क्षमाही मागितली. पलीकडून काही आलं नाही.

मशीन गेलं. पण घरात दुसरं काहीतरी आलं आहे.

रोज मावळतीला सोप्यातून चालण्याचा आवाज येतो. तीन पावलं… आणि एक फरफट. तीन पावलं… आणि एक फरफट. श्रद्धाच्या दारापर्यंत जातो, आत शिरतो आणि काहीतरी जड जमिनीवर आडवं झाल्यासारखा थांबतो. मग रात्रभर संथ श्वास. पद्मावतीला कुणाची तरी सुटलेली म्हैस वाटते. ती मावळायच्या आत अंगणात बादलीभर पाणी ठेवते. सकाळी बादली रिकामी असते.

गेल्या पंधरवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सोप्यात समोरासमोर बसलो होतो, दोघांचे पाय मधल्या वाटेत पसरलेले. पंचांगातली वेळ झाली तसे रायगोंडा बोलायचे थांबले.

मला कानानं कमी ऐकू येतं. मी काही ऐकलं असं छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

पण त्यांनी पाय आखडून घेतले, कुणाला वाट द्यावी तसे.

आणि खाली बघितलं तर… माझेही पाय आखडलेले होते.