दहात एक

वाघाच्या जंगलाच्या आमच्या बफर गेटवर सकाळी डब्यातून चिठ्ठ्या निघतात. दहा जिप्सी गाड्या, दहा गाईड. ज्या गाडीले ज्याची चिठ्ठी, तो तिचा गाईड. त्या दिवशी माझ्या गाडीले ज्योत्स्ना आली. नवीन होती. टुरिस्ट नाश्ता करून राह्यले होते अन् ती बोनेटवर वही ठेवून पेन्सिल चावत होती. वनरक्षक भरतीचं गणित.

"दहा पत्रं, दहा पाकिटं. डोळे मिटून घातली. एकबी पत्र आपल्या पाकिटात न जायची शक्यता किती... येते तुले?"

"ड्रायव्हर आहो. मास्तर नाई."

"मग वहीत पाहून काऊन राह्यला?"

काय सांगू — वहीत नव्हतो पाहत.

घरी कागदावर मांडलं. दोन पत्रं, निम्मी शक्यता. तीन — सहात दोन. चार — चोवीसात नऊ. पुढं कितीबी वाढवा, शंभरात सदतीसच्या जवळच थांबते. दुसऱ्या दिवशी तिले दाखवलं.

"म्हंजे त्रेसष्ट वेळा कोनाची ना कोनाची जोडी जमतेच," ती म्हनली.

"जमते."

"कोनाची?"

"ते गणित सांगत नाई..."

हसली. पयल्यांदाच.

ती माझ्या गाडीत यायची रोजची शक्यता दहात एक. मले तेवढी पुरत नव्हती. चिठ्ठ्या काढनाऱ्या बिरजूभाऊले हळूच सांगून ठेवलं. चार दिवस सलग ज्योत्स्ना माझ्याच गाडीत.

चौथ्या दिवशी तिनं पेन्सिल काढली. "सलग चार. दहा हजारात एक. खरं सांग, प्रणित."

खोटं बोलता आलं असतं. नाई बोललो. बिरजूभाऊचं सांगून टाकलं.

ती गेटाजवळच्या तळ्याकडे पाहत राह्यली. मग सपाट आवाजात — "दोन वर्षांआधी गावची गुरं राखायची पाळी आमच्या घरावर आली. मी अन् बाबानं घरातच चिठ्ठी टाकली. माझी निघाली. मले फॉर्म भराले चंद्रपूरले जायचं होतं. बाबा म्हने, जाय तू, मी जातो... वाघानं नेलं. पाय तेवढे भेटले."

"ज्योत्स्ना..."

"चिठ्ठीनं आली तर येईन तुह्या गाडीत. बदलून नाई."

सीझनचे सतरा दिवस उरले होते. एकदाबी न यायची शक्यता शंभरात सतरा. कमीच की. पन रोज डबा उघडे, अन् ती दुसऱ्याच्या गाडीत बसे. माझ्याकडे पाहत नसे. सोळा दिवस गेले.

शेवटच्या सकाळी माझ्या गाडीचा नंबर आला. बिरजूभाऊनं डब्यात हात घातला अन् माझ्याकडे पाहून भुवया उचलल्या. देऊ का? ज्योत्स्ना समोरच उभी होती. मी मान हलवली. नाई.

कांताबाईची चिठ्ठी निघाली.

ज्योत्स्नाची अजयच्या गाडीले. तिनं पायरीवर पाय ठेवला... अन् उतरून माझ्याकडे आली.

"उद्यापासून गेट बंद. घरी ये."

डोळे भरले होते तिचे. हसू नव्हतं.

"गुरं राखायची चिठ्ठी कोनाची निघाली होती, हे आईले मी अजून सांगितलं नाई. सांगतानी कोनीतरी बाजूले बसाले पायजे."