तिसरा नियम

वैमानिक आला नाही, म्हणून काचवाला आला. माझ्या प्रेमाची सुरुवात ही एवढीच. त्यात कुठे वारा सुटला नाही की वीज चमकली नाही.

चौथीच्या वर्गावर दर गुरुवारी शेवटचा तास माझा असतो. वेळापत्रकात त्याचं नाव चांगलं लांबलचक आहे, 'व्यवसाय ओळख व जीवन कौशल्ये'. मुलं त्याला 'मोठेपणीचा तास' म्हणतात. एका गुरुवारी बाहेरचं कुणीतरी येऊन आपलं काम दाखवतं. दुसऱ्या गुरुवारी आम्ही चूक कबूल करायला, मदत मागायला, 'नाही' म्हणायला शिकतो. म्हणजे तिशी उलटली तरी मला स्वतःला ज्या जमत नाहीत, त्या सगळ्या गोष्टी मी नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते.

त्या दिवशी वर्गातल्या एकाचे वैमानिक मामा येणार होते. मुलांनी कागदाची विमानं करून ठेवली होती. ऐन वेळी निरोप आला, मामांना काम निघालं. सदतीस तोंडं एकदम उतरली. बाहेर भुरभुर पाऊस, खिडकीची एक काच आठवडाभर फुटलेली, आणि शिंतोडे नेमके माझ्या टेबलावर. माझं डोकं फिरलं होतं. तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच, कानावर पेन्सिल, केसांवर पावसाचे थेंब.

"फुटलेली काच इथलीच ना?"

"दिसत नाही का?"

"दिसतेय. पण विचारलेलं बरं. एकदा न विचारता मी धडधाकट खिडकी उतरवली होती."

वर्ग खो-खो हसला. मला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मग मी म्हटलं, "आमचे पाहुणे आले नाहीत. मुलांना काच कापून दाखवाल?"

"म्हणजे मी आयत्या वेळचा पाहुणा?"

"नको असेल तर नाही म्हणा. इथे नाही म्हणायला परवानगी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. "मग हो म्हणतो," तो म्हणाला.

त्याने टेबलावर सतरंजी अंथरली, काच ठेवली, आणि खिशातून हिरकणी काढली. टोकाला इवलासा हिरा बसवलेली ती दांडी पाहायला मुलं टाचा उंचावून उभी राहिली. "आता कुणी बोलायचं नाही. रेघ नीट पडली की आवाज येतो, तो ऐकायचा." बाजारासारखा माझा वर्ग, पण श्वास रोखून बसला. कर्र... एक बारीक रेघ. मग रेघेखाली त्याने बोटाने हलकेच टिचकी मारली आणि काच सरळ दुभंगली.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचा हात कायम वर असतो, म्हणून सगळे तिला 'शंका' म्हणतात. तिने लगेच विचारलं, "काचकाका, हात कापतो का?"

"कापतो."

"मग रडता?"

"आधी बोट धुतो. मग वेळ उरला तर रडतो."

त्या क्षणी तो मला आवडला. आता कबूल करायला काय हरकत आहे? तेव्हा केलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

काच चौकटीत पक्की बसावी म्हणून कडेने लांबी भरतात. ती वाळायला आठ-दहा दिवस लागतात. ती वाळली का हे बघायला तो तेरा गुरुवार आला. मुलांना चौकटीचं माप घ्यायला शिकवलं, फुटक्या काचा न लागता कशा उचलायच्या ते दाखवलं. आमच्या मुख्याध्यापिकेने, मोठ्या बाईंनी, एकदा चष्म्यावरून बघत विचारलं, "खिडकीला एकच काच बदलली ना हो?" मी म्हटलं, "लांबी ओली आहे अजून." त्या म्हणाल्या, "असं होय!" आणि निघून गेल्या.

सातव्या की आठव्या गुरुवारी माझा पाठ होता, 'विचारणं आणि नाही म्हणणं'. मी फळ्यावर तीन नियम लिहिले. पहिला, हवं ते स्पष्ट विचारायचं. दुसरा, नको असेल तर स्पष्ट नाही म्हणायचं. तिसरा, उत्तर आलं नाही तर ते नाहीच समजायचं, पुन्हा मागे लागायचं नाही.

सरावासाठी मी त्यालाच पुढे बोलावलं. "तुम्ही माझ्याकडे काहीतरी मागा. मी नाही म्हणणार."

"बाई, तुमची छत्री द्या."

"नाही."

"बाई, तुमचं पेन द्या."

"नाही."

"बाई... तास संपल्यावर माझ्याबरोबर चहा घ्या."

पोरं ओरडली, "नाही म्हणा! नाही म्हणा!" मीही ठसक्यात म्हटलं, "नाही!" टाळ्या पडल्या. फळा पुसता पुसता तो हळूच म्हणाला, "हा नाही खरा, की पाठातला?"

"पाठातला."

"मग खरा काय आहे?"

"आलं घालून, साखर कमी."

फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. त्याच्या बोटांवर बारीक बारीक जुन्या जखमा होत्या. मी त्यांच्याकडे बघतेय हे त्याला कळलं आणि त्याने हात लपवले नाहीत.

त्याच दिवशी शंकाने चिठ्ठी लिहिली होती. 'बाई, समोरच्याला आपला प्रश्न ऐकूच गेला नसेल तर?' मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगते. पुढच्या गुरुवारी खेळांच्या स्पर्धा होत्या. त्यानंतर मी विसरले.

आता त्या दोन डब्यांविषयी सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

वर्गात एक पुठ्ठ्याची शंकापेटी आहे. तिच्यातल्या चिठ्ठ्या मी दर गुरुवारी सगळ्यांसमोर वाचते. शेजारी एक पत्र्याचा डबा आहे, कुलूप लावलेला. त्यात 'मोठेपणी मी' अशी कार्डं टाकायची. तो डबा वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी उघडतो, आणि किल्ली मोठ्या बाईंच्या कपाटात असते. मुलांना हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं. तो अर्ध्या वर्षात आला होता. त्याला कुणी सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण मला वाटत होतं, तो पहिल्यापासून आमच्यातलाच आहे.

अकराव्या गुरुवारी मुलं गेल्यावर त्याने कार्ड मागितलं. माझ्याकडे पाठ करून, भिंतीला टेकवून लिहिलं. बराच वेळ लावला. मग शंकापेटीजवळ गेला, थबकला, आणि पत्र्याच्या डब्यात कार्ड टाकलं.

"हे फक्त तुम्हीच वाचा हं, बाई."

"मीच वाचते सगळी. दुसरं कोण वाचणार?"

"नक्की?"

"अहो, नक्की! एवढं काय लिहिलंय? मोठेपणी वैमानिक होणार?"

तो हसला. कान लाल झाले होते त्याचे. मला वाटलं, गंमत म्हणून काहीतरी लिहिलं असेल.

पुढच्या गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मुलांशी धड बोलला नाही. सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. तास संपल्यावर रेंगाळला.

"बाई... काही सांगायचं आहे का मला?"

मला वाटलं, हाच काहीतरी सांगणार. माझी छाती धडधडायला लागली. आणि धडधड लपवायला मी काय केलं? विनोद केला. म्हटलं, "हो, फळा पुसायचा राहिलाय."

त्याने फळा पुसला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, अगदी स्वच्छ. डस्टर जागेवर ठेवलं आणि गेला.

त्यानंतरच्या गुरुवारी दहा मिनिटं येऊन गेला. मग आलाच नाही.

मी चिडले. मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलले. वेळ घालवायला आला, कंटाळा आला, निघून गेला. माझा कोरडेपणा मी त्याच्या नावावर लावला. घरी आईच्या नजरेतून काही सुटत नाही. ती म्हणाली, "त्याचं दुकान ठाऊक आहे ना? मग जाऊन विचार."

"मी का विचारू? आला नाही तो, म्हणजे त्याचं उत्तर कळलं."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," आई म्हणाली, "आणि स्वतः कोरडे पाषाण."

मी ताटावरून उठले. तीन महिने रोज त्याच्या दुकानाच्या रस्त्याऐवजी मागच्या गल्लीने शाळेत गेले. गटाराचा चिखल होता तरी.

शेवटच्या दिवशी मोठ्या बाईंनी किल्ली दिली. डबा उघडला. मी कार्डं वाचत गेले, मुलं ओळखत गेली. डॉक्टर, गोलंदाज, बसचालक. शंकाने लिहिलं होतं, 'न्यायाधीश, कारण त्यांना कुणी गप्प बस म्हणत नाही.' चौघांनी लिहिलं होतं, 'काचकाका.' आणि मग एक कार्ड हातात आलं, ठळक, जाड अक्षरातलं. पहिली ओळ मी मोठ्याने वाचून गेले, "मोठेपणी मी काचवाला होणार होतो, तो झालो..." आणि थांबले.

'पण कुणाबरोबर राहणार, ते ठरायचं आहे. माझ्याशी लग्न कराल? तुम्ही मला आवडता. रागावता तेव्हाही. हो असेल तर पुढच्या गुरुवारी सांगा. नसेल तर काही बोलू नका, मी समजेन. तिसरा नियम मला पाठ आहे. पुन्हा विचारणार नाही.'

"बाई, पुढे काय आहे?" शंकाने विचारलं.

"अक्षर लागत नाही," मी म्हटलं. मुलांशी मी खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

घंटा झाल्यावर मी सरळ मोठ्या रस्त्याने निघाले. धावत नव्हते, पण चालतही नव्हते. दुकानात तो आरशाला चौकट बसवत होता. मला पाहून उठला. माझ्या हातातलं कार्ड त्याने ओळखलं.

"हे मी आज वाचलं," मी म्हटलं.

"आज?"

"तो डबा वर्षातून एकदाच उघडतो. आज उघडला."

हातातली हिरकणी त्याने आधी फडक्यात गुंडाळली, मग पुन्हा उलगडली.

"मला वाटलं, दर आठवड्याला..."

"ती दुसरी पेटी."

"ती तुम्ही सगळ्यांसमोर वाचता. म्हणून तर कुलपाच्या डब्यात टाकलं. आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही फळा पुसायला सांगितलात. हसत. मला वाटलं, फार सांभाळून नाही म्हणताय. दोष नाही दिला मी तुम्हाला, बाई."

"एकदा, फक्त एकदा परत विचारायचं होतंत!"

"तुम्हीच शिकवलंत ना."

दुकानात सगळीकडे आरसे. जिकडे बघावं तिकडे मीच, घामेजलेली, हातात कार्ड धरलेली. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिला नियम पाळला. "माझं उत्तर हो आहे. तेव्हाही होतं. माझ्याशी लग्न कराल?"

आतून त्याच्या वहिनीचा आवाज आला, "भावजी, हॉलवाल्यांचा फोन आहे. लग्नाला किती पानं होणार विचारतायत." मग वहिनीच बाहेर आली, मला पाहून थबकली, आणि फोन कानाला लावून पुन्हा आत गेली.

"महिना झाला ठरून," तो म्हणाला. "चांगली आहे ती. दवाखान्यात परिचारिका आहे. मी विचारलं, तिने तोंडावर हो म्हटलं. तिला आता कसं..." त्याने मान खाली घातली. मी वाट बघितली. शेवटी त्याने वर पाहिलं, माझ्या डोळ्यांत, अगदी शिकवल्यासारखं.

"नाही, बाई."

"छान म्हणालात," मी म्हटलं. "स्पष्ट."

बाहेर येऊन मी मागच्या गल्लीत शिरले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडले. बोट धुवायची गरज नव्हती.

नवं वर्ष सुरू झालं. नवी सदतीस तोंडं. 'विचारणं आणि नाही म्हणणं' हा पाठ आला तेव्हा मी तीन नियम लिहिले. तिसरा तसाच ठेवला. तो बरोबरच आहे, आणि मुलांना लागतोच. त्याखाली चौथा लिहिला, 'उत्तर आलं नाही, तर आधी आपला प्रश्न पोचला का, ते बघायचं.' पत्र्याच्या डब्यावर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलं, 'वर्षाच्या शेवटी उघडेल.'

तास सुटल्यावर दारात शंका उभी. आता पाचवीत गेलीय, एक दात नवा आलाय. तिने फळा वाचला.

"बाई, चौथा माझा होता."

"हो. उशीर झाला सांगायला."

ती खिडकीजवळ गेली, काचेच्या कडेची लांबी नखाने टोकरून पाहिली. दगडासारखी पक्की झाली होती.

"काचकाका येणार नाहीत आता?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"विचारलं."

"मग काय म्हणाले?"

मी डस्टर उचललं. "नाही म्हणाले," मी म्हटलं आणि फळा पुसायला लागले.