धुकं विरेपर्यंत

जिन्याच्या वळणावर ती थबकली, कारण तिथे एक अनोळखी माणूस भिंतीला पाठ लावून खिडकीचा फोटो काढत होता. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. जुने गज, धुळकट काच. पण सकाळचं ऊन त्या गजांमधून उतरून पायऱ्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी सांडलं होतं, आणि तो त्या पट्ट्यांकडे असा बघत होता की तिलाही क्षणभर बघावंसं वाटलं. रोज याच जिन्याने ती वर जायची. तिने त्या कधी पाहिल्या नव्हत्या.

फोटोत यायला नको म्हणून ती थांबली. तिला जाऊ द्यावं म्हणून तोही थांबला.

“तुम्ही काढा ना,” ती म्हणाली.

“नाही, तुम्ही जा आधी.”

“मला काही घाई नाही.”

हे खोटं होतं. वर प्रशिक्षणाचा वर्ग सुरू व्हायची वेळ टळून गेली होती.

“मलाही नाही,” तो म्हणाला.

हेही खोटं होतं. कारण वर्ग घ्यायचा होता तो त्यालाच. पण हे तिला वर गेल्यावर कळलं, जेव्हा तोच माणूस धापा टाकत मागोमाग आत आला आणि फळ्यासमोर उभा राहिला.

वर्तमानपत्र आता कागदावर निघायचं त्याच्या आधीच लोकांच्या फोनवर पोचायला हवं होतं. म्हणून संपादकबाईंनी त्याला दुसऱ्या शहरातून आठवडाभरासाठी बोलावून घेतलं होतं. फोनवर बातमी कशी करायची, आवाज कसा कापायचा-जोडायचा, आलेला फोटो खरा की खोटा हे कसं ओळखायचं... सगळं तो शिकवणार होता. गुन्ह्यांच्या बातम्या देणारे दादा मागच्या बाकावरून म्हणाले, की या वयात पुन्हा पाटी-पेन्सिल आली का नशिबी. त्यांनीच त्या तरुणाला ‘मास्तर’ केलं, आणि दुपारपर्यंत सगळे तेच म्हणू लागले. टोपणनाव लावायची त्या कार्यालयाला सवयच होती. ती पाणीपुरवठ्याच्या बातम्या द्यायची, म्हणून ती ‘पाणीवाली’.

पहिला धडा फोटोचा होता. मास्तरांनी भिंतीवर एक फोटो दाखवला आणि तो कुठला आहे हे ओळखायला सांगितलं. गज, पट्ट्यापट्ट्यांचं ऊन. दादांनी अनुभवी आवाजात सांगून टाकलं की तुरुंग आहे, आपण शंभरदा गेलोय. कुणी शाळा म्हणालं, कुणी गोदाम. रोज तोच जिना चढणाऱ्या एकालाही तो ओळखता आला नाही. तिने मात्र ओळखला. फोटोच्या कडेला एका चपलेचं टोक आलं होतं.

म्हणजे त्याने फोटो काढला होता... ती थांबलेली असताना.

“तुम्हाला काय वाटतं?” त्याने नेमकं तिलाच विचारलं.

“माझं उत्तर धरू नका,” ती म्हणाली. “त्यात माझी चप्पल आहे.”

वर्ग खो खो हसला. मास्तरांचे कान लाल झाले. ते लाल कान तिला दिवसभर आठवत राहिले, आणि का आठवताहेत हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याने उलट्या फोटोंची गंमत दाखवली. स्वतःचा फोटो काढताना आपण फोनचा पुढचा कॅमेरा वापरतो. काही फोन तो फोटो आरशातल्यासारखा उलटाच ठेवून देतात. डावं ते उजवं होतं. अशा वेळी पाटीवरची अक्षरं बघायची, मनगटावरचं घड्याळ बघायचं, आणि काहीच नसेल तर शर्टाचा खिसा बघायचा. तो माणसाच्या डाव्या छातीवर असतो, उजव्या छातीवर दिसला की समजायचं, फोटो उलटा आहे. सगळे एकमेकांचे खिसे बघून हसायला लागले. तिने मास्तरांचा बघितला. डावीकडे. त्यात टोपण चावलेलं निळं पेन.

मग रोज एक फोटो. एखादी भिंत, विजेचा खांब, निळं दार. सावल्यांवरून दिशा काढायची, नकाशावर गल्ली शोधायची. ती शोधायची पटकन, पण उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी द्यायची.

“काल दुपारीच सापडलं होतं ना तुम्हाला?” त्याने एकदा विचारलं.

“हो. पण संध्याकाळी जाऊन बघून आले.”

“नकाशावर दिसलं की झालं की.”

“तुमचं झालं. माझं नाही होत.” मग जरा मऊपणाने तिने सांगितलं, की फुटलेली जलवाहिनी ती फोनवर ऐकून कधी लिहीत नाही. तिथे पाय भिजले पाहिजेत. मगच बातमी.

त्या दिवशीच्या फोटोत बस आगाराची भिंत होती. संध्याकाळी भुरभुर पाऊस होता तरी ती गेली. भिंत होती, भिंतीवरचा तो पोपडा होता, आणि पोपड्याखाली छत्री घेऊन मास्तर उभे होते.

“तुम्ही इथे?”

“तुम्ही खरंच जाऊन बघता का, ते बघायला आलो,” तो म्हणाला. “नकाशावर दिसत नव्हतं.”

शेजारच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला. छत्री एकच, आणि ती दोघांच्या मधे धरायची की तिच्यावर, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही; त्याचा एक खांदा भिजला. तिने तो भिजलेला खांदा पाहिला. चहा संपल्यावरही दोघं रिकामे पेले हातात धरून बराच वेळ पाऊस बघत राहिले.

आठवडा संपला. शेवटच्या दिवशी संपादकबाई तिच्या टेबलाशी थांबून सहज बोलल्या, की मास्तरांना त्यांनी इथेच राहायला विचारलंय, नवा डिजिटल विभाग सांभाळायला. उद्या सकाळी सांगतो म्हणाला. बसचं तिकीटही काढून ठेवलंय त्याने उद्याचंच. कशावर अडलंय कोण जाणे.

ती मान खाली घालून बातमी लिहीत राहिली. एकच ओळ तिने तीनदा लिहिली आणि खोडली.

सकाळी शहरावर धुकं उतरलं होतं. ती स्वयंपाकघरात वहिनीबरोबर चहा घेत होती तेव्हा फोन वाजला. मास्तरांचा संदेश होता: हा फोटो वर्गासाठी नाही. धुकं विरेपर्यंत मी इथे बसेन. फोन करून विचारायचं नाही.

फोटोत तो पूर्ण नव्हताच. हनुवटीपासून खिशापर्यंतच. मागे नदीचा कठडा, बाकाचं टोक, फोटोच्या उजव्या कडेला दगडी पुलाची कमान. पलीकडचा काठ धुक्यात पुसून गेलेला.

वहिनीने तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि म्हणाली, “या माणसाला चेहरा नाही का गं?”

“आहे,” ती म्हणाली. “बरा आहे.”

“मग चहा राहू दे. मी पिते तुझा.”

नदीच्या दोन्ही काठांवर सारखाच कठडा होता, सारखीच बाकं. पण पूल उजव्या हाताला दिसतो तो गिरणीकडच्या काठावरून. बागेकडून तो डावीकडे असतो. तिला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही. गिरणीकडच्या बाकापाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

बाक रिकामं होतं.

ती बसली. कठड्यावर दवाचे थेंब होते. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. येईल, तिला वाटलं. मग वाटलं, आला होता आणि गेला. मग वाटलं, चेष्टा केली असेल का... आणि डोळ्यांत काहीतरी चुरचुरायला लागलं. पुलाची वरची कडा धुक्यातून हळूहळू बाहेर येत होती.

तिने फोटो पुन्हा उघडला. या वेळी तिने पूल नाही बघितला. इतके दिवस जे बघायची तेच बघितलं. निळं पेन. चावलेलं टोपण. आणि पेन होतं उजव्या छातीवर.

फोन करून विचारायचं नाही, असं होतं. पण तिला विचारायचं नव्हतं, सांगायचं होतं.

“कुठे आहात?” पहिल्याच घंटेला त्याचा आवाज आला.

“बाकावर.”

“बाकावर तर मी आहे. इथे माझ्याशिवाय फक्त एक कुत्रा आहे.”

“त्याला विचारा, मास्तरांचा खिसा कुठल्या बाजूला असतो.”

तो अगदी हळू म्हणाला, “अरे देवा... पुढचा कॅमेरा. मी बागेकडे बसलोय.”

“दुसऱ्या दिवशीचा धडा.”

“मीच शिकवलेला.”

“चांगला शिकवला होता. म्हणून तर सापडलात.”

“पण खिसा... तुमच्या कसा लक्षात राहिला?”

नदी वाहत होती. तिने कठड्यावरचा एक थेंब बोटाने टिपला. “तुम्ही सगळ्यांना भिंतीवरच्या फोटोकडे बघायला सांगायचात ना,” ती म्हणाली, “तेव्हा मी... दुसरीकडे बघायचे.”

धुक्यापलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

“मी बॅग उचलली होती,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्हाला सापडलं असणार, आणि तरी तुम्ही आला नाहीत.”

“मग ठेवा ती खाली.”

“ठेवली.”

“बसचं काय?”

“ती बस आपल्या वाटेने जाईल,” तो म्हणाला. “तू तिथेच थांब. मी येतो.”

ते ‘तू’ त्याच्या तोंडून नकळत निसटलं असावं. ती थांबली नाही. फोन कानाशी तसाच धरून ती पुलावर चढली. धुकं आता विरळ झालं होतं, पण पुलावर अजून चार पावलांपुढचं काही दिसत नव्हतं. “कुठवर आलीस?” तो विचारत होता, “मी दुसऱ्या दिव्यापाशी आहे, आता तिसऱ्या...” आणि पुलाच्या मधोमध तिला त्याचा आवाज दोनदा ऐकू आला. एकदा फोनमधून, आणि एकदा धुक्यातून.

मग तो दिसला. कान लाल.

तिने फोन खाली घेतला. जवळ गेली, आणि हात पुढे करून त्याच्या शर्टाच्या खिशावर ठेवला.

“डावीकडेच आहे,” ती म्हणाली.

“नकाशावर दिसलं की झालं, असं नाही का?”

“नाही होत माझं,” ती म्हणाली. तिने हात काढला नाही. त्या निळ्या पेनाच्या मागे काहीतरी भलतंच जोरात धडधडत होतं.